हळद, मिरी आणि ते २००० टक्के

‘हळदीत चिमूटभर मिरपूड घाला, शोषण २००० टक्क्यांनी वाढतं.’ हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणारच. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, योगवर्ग संपल्यावरच्या गप्पांत, कॅप्सूलच्या डबीवर. मी ते एका पीएच.डी. प्रपोजलच्या पहिल्या पानावरसुद्धा पाहिलंय. ते प्रपोजल माझंच होतं.

गाईडनी पान उलटायच्या आधीच विचारलं, “दोन हजार टक्के. कशाच्या?” मी म्हटलं, “म्हणजे सर, कर्क्युमिन नुसतं घेतलं तर जेवढं शोषलं जातं त्याच्या.” “हो, पण ते किती?” मला उत्तर येईना. कारण सरळ होतं. मी मूळ पेपर वाचलाच नव्हता. एका रिव्ह्यूतून आकडा उचलला होता, त्या रिव्ह्यूने दुसऱ्या रिव्ह्यूतून उचलला होता, आणि संदर्भाच्या यादीत मात्र मी मूळ पेपरचं नाव ठोकून दिलं होतं, जणू शेजारी बसून वाचलाय. तुमच्यापैकी अनेक जण सध्या पहिला लिटरेचर रिव्ह्यू लिहीत असाल. हात वर करायला सांगत नाही, पण कळलं ना मी कशाबद्दल बोलतेय?

म्हणून आज हा एकच आकडा सोलून बघू. हळदीवर राग म्हणून नाही. मी सांगलीकडची आहे, हळदीच्या वासातच वाढले.

मूळ पेपर १९९८ चा, ‘प्लांटा मेडिका’ या नियतकालिकातला, शोबा आणि सहकाऱ्यांचा. प्रयोग दोन भागांत होता, आधी उंदरांवर (पांढरे मोठे, रॅट म्हणतात ते) आणि मग निरोगी माणसांवर. कर्क्युमिन हा हळदीला पिवळा रंग देणारा मुख्य घटक. तो पोटात गेला की आतडं आणि यकृत त्याला झटपट साखरेच्या आम्लाची एक शेपटी जोडून बाहेर घालवायच्या मार्गाला लावतात. मिरीतलं पिपरीन ही शेपटी जोडणाऱ्या यंत्रणेला आडवं येतं. तेव्हा दोन्ही एकत्र दिली तर रक्तात कर्क्युमिन जास्त दिसेल, ही कल्पना. कल्पना चांगली आहे, आणि प्रयोगाने ती खरी ठरली. यात वाद नाही.

आता आकडे बघा. माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं तेव्हा रक्तात ते एकतर सापडलंच नाही, किंवा अगदी नगण्य सापडलं. सर्वाधिक पातळी साधारण ०.००६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. सोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर ती सरासरी ०.१८ झाली. ही वाढ दिसली ती पाव तास ते एक तास एवढ्याच काळात. आणि एकूण शोषण, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, वीसेक पट भरलं. हेच ते २००० टक्के.

म्हणजे आकडा खोटा नाही. पण छेद बघा. ज्याने भागायचं तीच संख्या शून्याला टेकलेली असेल, तर भागाकार आभाळाला भिडतो. खिशात एक रुपया असलेल्या माणसाचे वीस रुपये झाले तर त्याचीही संपत्ती वीस पट होते, तरी त्या पैशात धड मिसळपावही येत नाही. आणखी एक गंमत. त्याच पेपरच्या त्याच अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये उंदरांचा आकडाही दिलाय. त्यांच्यात नुसत्या कर्क्युमिननेही रक्तात बऱ्यापैकी पातळी गाठली होती, आणि पिपरीनमुळे वाढ झाली १५४ टक्के. दोन आकडे, एकाच परिच्छेदात, चार ओळींच्या अंतरावर. त्यातला कोणता जगभर फिरला हे सांगायला नको. (अर्थात प्राणी वेगळा, मात्रा वेगळी. उंदरांना किलोमागे २ ग्रॅम दिलं होतं. त्यामुळे दोन्हींची थेट तुलनाही करू नये. पण निवड कोणत्या आकड्याची झाली, हे लक्षात घ्या.)

मग मी एक हिशेब केला. तो तुम्हीही करा, कारण तो दहा मिनिटांत होतो आणि त्याने माझ्या प्रपोजलचा अर्धा भाग कोसळला. कर्क्युमिनचं रेणुभारमान ३६८.४. ०.१८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे १८० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. भागा. उत्तर येतं ०.४९, म्हणजे जेमतेम अर्धा मायक्रोमोलर. आता कर्क्युमिनने कर्कपेशी मारल्या, दाह थांबवला, अमुक जनुक बंद केलं असं सांगणारे पेशींवरचे पेपर उघडा आणि त्यांची ‘पद्धती’ वाचा. ५, १०, २०, कधी ५० मायक्रोमोलर. बशीतल्या पेशी चोवीस-चोवीस तास त्या द्रावणात डुंबत असतात. आपल्या रक्तात मिरीची मदत घेऊनही शिखरावर अर्धा, आणि तोही तासाभरात उतरणीला लागलेला. मी प्रपोजलमध्ये ‘२०००% शोषण’ हे वाक्य आणि ‘२० मायक्रोमोलरला परिणाम’ हे वाक्य एकापुढे एक लिहिलं होतं, जणू पहिलं दुसऱ्याकडे आपोआप जातं. जात नाही. मधे चाळीस पटींची दरी आहे.

स्वयंपाकघराचा हिशेब तर आणखी मजेदार. हळदपुडीत कर्क्युमिन वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास असतं. अर्धा चमचा हळद, धरा दीड ग्रॅम, म्हणजे पंचेचाळीसेक मिलिग्रॅम कर्क्युमिन. त्या प्रयोगातल्या २ ग्रॅमची बरोबरी करायला साठ-पासष्ट ग्रॅम हळद लागेल, म्हणजे चाळीसहून अधिक पेले हळदीचं दूध. मिरीचं मात्र जमतं. तिच्यात पिपरीन साधारण ५ टक्के धरलं तर २० मिलिग्रॅमला ४०० मिलिग्रॅम मिरपूड पुरे, तेवढी भाजीतून सहज जाते. म्हणजे ‘चिमूटभर मिरपूड’ हा अर्धा भाग घरात लागू पडतो, ‘हळद’ हा अर्धा पडत नाही. पेपर होता शुद्ध केलेल्या पदार्थाच्या मोठ्या मात्रेवर, निष्कर्ष चिकटला दुधाच्या पेल्याला.

इथे एक गोष्ट मला खरंच खटकते, आणि ती नुसत्या आकड्याची नाही. ‘समग्र’ आरोग्याची भाषा करणारी मंडळी म्हणतात की आधुनिक औषधशास्त्र एकेक रेणू सुटा करून बघतं, आम्ही पूर्ण वनस्पती, पूर्ण माणूस, पूर्ण दिनचर्या बघतो. हा आक्षेप मला मान्य आहे, त्यात दम आहे. पण मग पुरावा विचारला की तेच लोक पुढे काय करतात? सुटा केलेला रेणू, आणि यकृताचं काम अडवणारा दुसरा सुटा रेणू, एका कॅप्सूलमध्ये. यात समग्र काय उरलं? त्या १९९८ च्या पेपरात तर लेखकांपैकी एक जण असेच अर्क बनवून विकणाऱ्या उद्योगाशी जोडलेले होते. त्याने पेपर खोटा ठरत नाही, पण पेपर वाचताना लेखकांचा पत्ता वाचायची सवय लावून घ्या.

कर्क्युमिनवरची सगळ्यात झणझणीत टीका २०१७ मध्ये आली, ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये, कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांची. संशोधनात उतरणाऱ्या प्रत्येकाने हा रिव्ह्यू वाचावा असं मी म्हणते, विषय हळद नसला तरी. त्यांचा मुद्दा असा की कर्क्युमिन हा चाचण्यांना फसवणारा रेणू आहे. तो स्वतःच चमकतो, त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या चाचणीत ‘परिणाम’ दिसतो. धातूंना धरतो, प्रथिनांना भलत्या जागी चिकटतो, गुठळ्या करतो, पेशीचं आवरण विस्कळीत करतो. अशा रेणूंना औषध-रसायनशास्त्रात ‘पेन्स’ म्हणतात, २०१० मध्ये बेल आणि हॉलोवे यांनी ही यादी पुढे आणली. शिवाय कर्क्युमिन टिकत नाही. १९९७ च्या एका प्रयोगात रक्ताइतपतच आम्लता असलेल्या द्रावणात, सीरमशिवाय, अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के विघटित झालं होतं. म्हणजे चोवीस तासांच्या पेशी-प्रयोगात नेमकं कोण काम करत होतं, कर्क्युमिन की त्याचे तुकडे? आणि शंभराहून अधिक क्लिनिकल ट्रायल होऊनही प्लासिबोशी तुलना केलेली एकही दुहेरी-अंध ट्रायल यशस्वी म्हणता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं.

मी हा रिव्ह्यू पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस सुन्न होते. मग तिसऱ्या दिवशी त्यालाही तेच प्रश्न विचारले, आणि तुम्हीही विचारा. ‘यशस्वी’ची व्याख्या काय? औषध म्हणून मंजुरी मिळणं, की एखाद्या लक्षणात मोजता येणारा फरक? या दोन उंचींमध्ये पुष्कळ अंतर आहे. सगळ्या ट्रायल अशा एका फटक्यात मोडीत काढू नका, असं म्हणणारं पत्र त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आलं. आणि तो रिव्ह्यू कर्क्युमिनबद्दल आहे, हळदीबद्दल नाही. लेखक स्वतःच म्हणतात की हळदीच्या अर्कातलं गुंतागुंतीचं मिश्रण हा वेगळा विषय आहे. वर्तमानपत्रांनी मथळे मात्र ‘हळद निरुपयोगी’ असे दिले. आधी रेणूचा निष्कर्ष पेल्याला चिकटला होता, आता रेणूचं अपयशही पेल्यालाच चिकटलं.

ट्रायल म्हणाल तर गुडघेदुखीच्या बघा. थायलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६७ रुग्ण होते. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, दुसऱ्याला १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, चार आठवडे. निष्कर्ष: अर्क आयबुप्रोफेनपेक्षा कमी पडला नाही, आणि पोटाच्या तक्रारी कमी. ऐकायला जबरदस्त. पण या ट्रायलमध्ये प्लासिबोचा गटच नव्हता. गुडघेदुखीत प्लासिबोनेही दुखणं पुष्कळ उतरतं, आणि दुखणं जोरात असताना माणूस ट्रायलमध्ये येतो, तेव्हा ते आपसूकही थोडं खाली येणारच. दोन्ही गट बरे झाले म्हणजे दोन्ही औषधं चालली, की दोन्ही गट कशानेही बरे झाले असते? तिसरा गट नसेल तर हे कळायला मार्ग नाही. ‘कमी पडला नाही’ हे शब्द दिसले की आधी तिसरा गट शोधा.

तो तिसरा प्रश्न टास्मानियातल्या गटाने विचारला. २०२० मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेली त्यांची ट्रायल छोटी, ७० जणांची, बारा आठवड्यांची, पण प्लासिबोसह आणि एमआरआयसह. गुडघ्यात सूज-पाणी असलेले रुग्णच त्यांनी मुद्दाम निवडले होते, कारण हळद दाह कमी करते असं म्हणतात ना, मग तो कमी होताना दिसला पाहिजे. काय झालं? दुखणं शंभराच्या पट्टीवर प्लासिबोपेक्षा सुमारे ९ अंकांनी जास्त उतरलं. सूज मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. मला हा निकाल फार आवडतो, कारण तो कोणाच्याच सोयीचा नाही. ‘काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांना ते ९ अंक अडचणीचे, ‘दाह कमी होतो म्हणून बरं वाटतं’ म्हणणाऱ्यांना ती न हललेली सूज. प्रपोजल लिहायचंच तर अशा जागेवर लिहावं.

जाता जाता पेटंटचं. ‘हळद जखम भरते हे अमेरिकेनेही मान्य केलं’ असं अनेक मराठी लेखांत सर्रास येतं. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं होतं, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमानाची गोष्ट आहे, नक्कीच. पण रद्द कशामुळे झालं? ही गोष्ट नवी नाही, आधीपासून लिहिलेली आहे, एवढ्यामुळे. पेटंट कार्यालयाने परिणामाची ट्रायल घेतली नव्हती. ‘नवं नाही’ आणि ‘सिद्ध झालंय’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि आपण ती एकात घोळवतो.

इतकं सगळं मी एरवी गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या आत्याचं झालं ते सांगते. आत्याचे गुडघे दुखतात, वय साठीच्या पुढे. कोणीतरी तिला हळदीच्या कॅप्सूल दिल्या, मिरीच्या अर्कासकट, ‘२००० टक्के’ असं डबीवर ठळक छापलेल्या. काही महिन्यांनी जेवण जाईना, थकवा, लघवी गडद. तपासणीत यकृताचे एन्झाइम नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर. डॉक्टरांनी विचारलं, “मावशी, अजून काही औषध घेता का?” ती म्हणाली, “नाही हो, औषध कसलं.” ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी हळद हे औषध नव्हतंच. डबी मला दिसली ती फ्रिजवर, केळ्यांच्या मागे, दिवाळीला गेले तेव्हा.

कॅप्सूल बंद केल्या, हळूहळू रिपोर्ट सुधारले. आता तुम्हीच मला विचारा: यावरून कॅप्सूलमुळेच झालं असं ठरतं का? नाही ठरत. एकच माणूस, कंट्रोल नाही, त्याच काळात एखादा विषाणूही येऊन गेला असेल. पण हा प्रकार एकट्या आत्याचाही नाही. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृत-इजेच्या नोंदजाळ्याने २०२२ मध्ये हळदीशी जोडलेले दहा रुग्ण प्रसिद्ध केले. पाच जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिन्हींत पिपरीन सापडलं. आणि दहांपैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकप्रकार होता, म्हणजे इजा कोणालाही सरसकट होत नाही, काहींना होते. दहा हा आकडा छोटा आहे, तो धोका किती जणांना हे सांगत नाही. धोका आहे, एवढं सांगतो.

आणि आता त्या यंत्रणेकडे परत या. पिपरीन यकृताचं काम अडवतं म्हणूनच तर शोषण वाढतं. पण यकृत ते काम फक्त कर्क्युमिनसाठी करत नाही. पिपरीन सीवायपी३ए४ आणि पी-ग्लायकोप्रोटीन यांनाही अडवतं हे माहीत आहे, आणि यांच्या वाटेने बाजारातली ढीगभर औषधं जातात. फिटसाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी पिपरीनने वाढते, हे माणसांवर दिसलेलं आहे. जाहिरातीत जो गुण म्हणून छापलाय, तोच डॉक्टरांच्या फाइलमध्ये परस्परक्रिया म्हणून नोंदवायला हवा. माझ्या प्रपोजलमध्ये ‘जैवउपलब्धता वाढवणारा घटक’ असा शब्द होता, आणि तो लिहिताना यकृताच्या बाजूने विचार करायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आत्या काय आणि मी काय, दोघींनी एकच डबी वाचली होती.

मग हळदीचं दूध? त्यावरही संशोधन होऊ शकतं, पण प्रश्न वेगळा लागेल. तापात, खोकल्यात आई रात्री ते करते तेव्हा त्यात गरम दूध असतं, गूळ असतो, लवकर झोपायचा हुकूम असतो, आणि कपाळावर हात ठेवून “बघू” म्हणणारं कोणी असतं. यातलं काय किती काम करतं हे मोजता येत नाही असं समजू नका. कॅपचुक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘बीएमजे’त आतड्याच्या जुनाट तक्रारीच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले होते: नुसती प्रतीक्षायादी, खोटं अ‍ॅक्युपंक्चर कमीत कमी बोलून, आणि तेच खोटं अ‍ॅक्युपंक्चर आपुलकीने, वेळ देऊन, ऐकून घेऊन. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. सुई दोन्हीकडे खोटीच होती. ‘पूर्ण माणसाकडे बघा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा इतका स्वच्छ पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो कुठल्याच कॅप्सूलच्या डबीवर छापता येण्यासारखा नाही.

माझं प्रपोजल तीन महिने मागे गेलं. संदर्भांची यादी एकशे चाळीसवरून साठवर आली, कारण जे उघडून वाचले तेवढेच ठेवायचे असं ठरवलं. त्यात दोन पेपर मागे घेतले गेलेले निघाले, झोटेरोने लाल पट्टी दाखवली म्हणून कळलं. ती पट्टी दिसत असेल तर दुर्लक्ष करू नका, कर्क्युमिनच्या क्षेत्रात मागे घेतलेले पेपर बरेच आहेत आणि लोक अजून ते उद्धृत करतात.

आत्या आता दवाखान्यात जाताना पिशवीत सगळ्या डब्या घालून नेते. मागच्या खेपेला तिने डॉक्टरांच्या टेबलावर च्यवनप्राशची बरणीसुद्धा काढून ठेवली. ते हसले म्हणे, पण त्यांनी तीही लिहून घेतली.